पेज घातलेला पडदा

आमच्या घरात पांढरं कापड मलूल पडलेलं दिसलं की आईला तो स्वतःचा अपमान वाटायचा. बाबांची टोपी, उशांचे अभ्रे, देवावरचा रुमाल, माझा शाळेचा ब्लाउज, सगळं पेजेत बुडून बाहेर यायचं. सकाळी भाताला उकळी आली की वरची पातळ पेज आमच्या वाट्यांत, मीठ घालून, चुलीत भाजलेल्या सुक्या बोंबलाबरोबर. तळाची दाट पेज जर्मनच्या टोपात बाजूला काढलेली असायची. तिच्यात निळीचा एक थेंब पडायचा आणि मग कपडे बुडायचे. माझी कॉलर इतकी कडक व्हायची की वर्गात मागं वळून बघायचं तर मला कमरेतून वळावं लागायचं. तक्रार केली की आई म्हणायची, "कापड उभं ऱ्हायला पायजे गो. मानसाचं काय, मानूस कुठंपन बसतो." आईच्या तोंडी लागणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे मला फार लवकर कळलं होतं.

किन्हवलीपासून पाऊण तासाच्या पायवाटेवर आमची वाडी. कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं घर, पुढं पडवी, मागं गोठा. पहाटे कोंबडा, मग आईच्या बांगड्या आणि फुंकणी, मग लांबून गिरणीची धडधड. आणि एक आवाज असा, जो वाडीतल्या दुसऱ्या कुठल्याच घरात नव्हता: कॅसेट मागं फिरवतानाची कुईंईं. बाबा पावसाळ्यात भात लावायचे आणि लगीनसराईत शूटिंग करायचे. खांद्यावर घ्यायचा तो जाडजूड कॅमेरा त्यांनी कल्याणच्या एका स्टुडिओवाल्याकडून जुना घेतला होता आणि कणगीशेजारी पत्र्याच्या पेटीत, उंदरांपासून जपून, टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. खर्डीपासून मुरबाडच्या अलीकडच्या गावांपर्यंत हळदीला त्यांना बोलावणं असायचं. ते मांडवात शिरले की हॅलोजनच्या उजेडात बायका पदर सारखे करायच्या आणि पुरुष उगाच मिशीवरून हात फिरवायचे. मी त्यांची वायर धरून मागं मागं. मला अभिमान वाटायचा असं लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर माज होता माज.

तो माज हरीतात्यांच्या लताच्या लग्नात उतरला. हरीतात्या म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, वाडीतलं वजनदार माणूस. त्यांनी मान डोलावली की भावकी डोलावते. लता त्यांची थोरली पोर, पहिलं कार्य. बाबांच्या कॅमेऱ्याचं बटण एकच होतं. दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. त्या दिवशी कुठं तरी एक दाब जास्त पडला आणि तिथून पुढं सगळं उलटं झालं. बाबा डोळा लावून शूटिंग करायचे तेव्हा कॅमेरा झोपलेला, आणि खांद्यावरून खाली घेऊन चालायला लागले की तो जागा. चार दिवसांनी तात्यांच्या ओसरीवर टीव्हीपुढं सगळी भावकी कॅसेट बघायला बसली. अडीच तास पाय! वऱ्हाडाचे पाय, बैलांचे पाय, पत्रावळी, एक कुत्रं. मंगलाष्टका नाहीत, अंतरपाट नाही, लताचं तोंड म्हणाल तर एकदा, तेही उलटं. पहिल्यांदा पोरं हसली, मग कुणीच हसेना. तात्या उठले, टीव्ही बंद केला आणि एवढंच म्हणाले, "परशुराम, पोर परत थोडीच लगीन करणार हाय?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, आमचं आवतण बंद केलं. सत्यनारायण असो, बारसं असो, तात्यांच्या घरून आम्हाला निरोप येईना. मग भावकीतली इतर घरंही जपून वागायला लागली. शेजारच्या मांडवात पंगती उठायच्या, वड्यांचा वास आमच्या पडवीपर्यंत यायचा आणि आम्ही घरात भाकरी खात बसायचो. शूटिंगची कामं तर गेलीच, पण बाबांना त्याचं एवढं नव्हतं. पंगतीत आपलं पान नाही, हे त्यांना आतून खात होतं. गिरणीवर चार माणसं बसलेली दिसली की ते वाट बदलायचे. मी तेव्हा आठवीत होते, आणि बाप रस्ता चुकवतो हे बघणं त्या वयात फार वाईट असतं.

पावसाळ्यात आई एकदा कावली. "पेटीत ठेवून कॅमेऱ्याला बुरा चढंल! लोकांची लग्नं नाय तर नाय, बायकोची लावणी काढा!" तिनं चेष्टा केली आणि बाबांनी ती खरी केली. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधून बांधावर उभे राहिले आणि आमच्या, शेजारच्या, सगळ्या बायका भात लावताना त्यांनी टिपल्या. ओणव्या पाठी, इरली, चिखलात पटापट खोवलेलं मूठ मूठ रोप, मागं डोंगरावर उतरलेला धूर धूर पाऊस. या वेळी प्रत्येक दाबाला ते मोठ्यांदा म्हणायचे, "चालू!" आणि "बंद!" बायका हसून बेजार. ती कॅसेट त्यांनी कुणाला दाखवली नाही. घरात टीव्ही नव्हता. कॅमेऱ्याच्या त्या भिंगातून एकेकानं डोळा लावून बघायचं, एवढंच.

दिवाळीनंतर शाळेत गॅदरिंगची गडबड सुरू झाली. आमच्या सामंत मॅडम कल्याणहून यायच्या, वयानं लहान आणि डोक्यात शंभर कल्पना. त्यांनी ठरवलं की पोरींनी भातलावणीचा नाच करायचा, आणि तोही असा की लोकांनी तोंडात बोट घालावं. मुंबईला एका नाटकात त्यांनी बघितलं होतं: रंगमंचाच्या पुढं विरळ जाळीदार कापड टांगायचं, समोरून त्यावर चित्र सोडायचं. मागं अंधार असेतो नुसतं चित्र दिसतं. मागचे दिवे लागले की कापडातून माणसं दिसतात, आणि माणसं चित्रातच चालताहेत असं वाटतं. "त्या कापडाला गॉझ म्हणतात," मॅडम म्हणाल्या. आम्हाला गॉझ माहीत होता तो सरकारी दवाखान्यात गळवावर लावतात तेवढाच. "पण पावसातल्या शेताचं चित्र आणायचं कुठून?" असं त्या म्हणाल्या आणि माझं तोंड कुणाला न विचारता उघडलं. "माझ्या बाबांकडं हाय."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. "पायांचं?" मॅडमना काही कळलं नाही, मला मात्र कानापर्यंत आग लागली. पुढच्या बाकावर तात्यांची धाकटी सुरेखा बसली होती. ती हसली नाही, एवढं मी तिच्या नावावर अजून जमा धरते.

घरी सांगितलं तर बाबा भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसूनच राहिले. "सगळ्या गावापुढं?" "व्हय." "तात्या तिकडं पुढच्या खुर्चीत असंल." "आसूंदेत की," आई चुलीपुढून म्हणाली. "आता नाक कापायचं शिल्लक कुठं हाय? गेलं ते वैशाखातच." बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी शब्द देऊन बसले होते. आता नाही म्हटलं असतं तर दोघांचीही लाज गेली असती. "कॅसेट नीट हाय तेवढी," ते हळूच म्हणाले. "तेवढीच नीट हाय." मग त्यांनी पूर्ण भाकरी खाल्ली, वर आणखी अर्धी मागितली. त्या रात्री मी देवाला सांगितलं की मला नाच आला नाही तरी चालेल, पण बाबांचं चित्र गावाला आवडू दे. देवाशी बोलताना शब्द जपून वापरावेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी कापड आणलं, विरळ विणीचं, पांढरं, सुती. तीन पट्टे आईनं हातमशीनवर जोडले आणि वर नाड्या लावल्या. प्रोजेक्टरचा प्रश्न बाबांनी सोडवला. मुरबाडला त्यांच्या ओळखीचे नंदूशेट होते. त्यांचा व्हिडिओ हॉल होता आणि केबल आल्यापासून त्यात माशा बसत होत्या. त्यांच्याकडं तीन डोळ्यांचा मोठा प्रोजेक्टर होता, एक डोळा लाल, एक हिरवा, एक निळा. तिन्हींचा उजेड एकावर एक बसला तरच चित्र धड. एका रविवारी मॅडम, बाबा, मी आणि सुरेखा असे कापड घेऊन एसटीनं मुरबाडला गेलो. सुरेखानं घरी फक्त "मॅडमबरोबर जाते" एवढंच सांगितलं होतं, कुणाच्या बापाबरोबर ते नाही.

त्या अंधाऱ्या हॉलात बाबांनी कॅमेऱ्याची वायर जोडली, नंदूशेटनी तिन्ही डोळे जुळवले आणि कापडावर आमचं शेत उगवलं. मी आणि सुरेखा मागं उभ्या. बाबांनी मागचा बल्ब लावला आणि मॅडम खुर्चीवरून उठून ओरडल्या, "दिसतायत! अगं, तुम्ही शेतात उभ्या आहात!" आम्ही आळीपाळीनं पुढं येऊन बघितलं. सुरेखा पावसात उभी होती, माझ्या आईच्या शेजारी, आणि तिच्या अंगावर थेंब नव्हता. मला रडूच आलं. त्या आनंदात सुरेखाचा पाय लागून पाण्याचा तांब्या लवंडला आणि कापडाचा खालचा कोपरा भिजला. तेवढ्या जागेवरचं चित्र विझल्यागत झालं. कापडातून तिची पावलं मात्र नखांसकट दिसायला लागली. "वल्लं कापड चित्र गिळतं," बाबा म्हणाले. "त्या दिवशी पानी लांब ठेवायचं बरं का पोरींनो." मग मुरबाडच्या स्टँडवर त्यांनी आम्हाला गरम भजी दिली. स्वतः खाल्ली नाहीत, नुसते हसत बसले.

परतताना घोटाळा झाला. एसटीत कापडाचं बोचकं सीटखाली ठेवलं होतं, आणि पुढच्या बाईची ओल्या मासळीची पाटी तिथंच गळत होती. घरी येऊन बोचकं उघडलं तर मांजर धावत आलं. मॅडमना काय तोंड दाखवायचं म्हणून मी हबकले. आई म्हणाली, "दे इकडं. रडतेस काय? कपडा धुता येतो." तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर पडवीपुढं दोन आंब्यांच्या मध्ये पडदा वाळत होता. पांढराशुभ्र, ताठ, एक सुरकुती नाही. वाऱ्यानं हलला की खडखड वाजायचा. आईनं दोन दिवसांची दाट पेज साठवून त्याला भरपूर खळ दिली होती. "परवाचा बघितला मी, कसा लिबलिबीत होता," ती म्हणाली. "एवढ्या लोकांपुढं तसला टांगतात काय?" आणि मी, जी मुरबाडच्या हॉलात उभी राहून सगळं बघून आले होते, ती मी काय म्हणाले? "आये, काय मस्त झालाय गो!" बाबांनी हात फिरवून बघितला आणि खूश झाले. "आता चित्र काय उठंल!" आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की त्या कापडाचा सगळा जीव त्याच्या भोकांत होता आणि ती भोकं आईनं भातानं बुजवली होती. तीन पिढ्या भात पिकवणाऱ्या घरात पेजेवर संशय कोण घेणार?

गॅदरिंगच्या दिवशी आईनं वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या लवकर करून ठेवल्या. दुपारी नंदूशेट टेम्पोतून प्रोजेक्टर घेऊन आले, पेंढ्यात बसवलेला. मैदानात शाळेची बाकं जोडून मंच केला होता. बाबांनी तेलाचे डबे कापून त्यांत मोठे बल्ब बसवले आणि मागच्या बाजूला लांब लावून ठेवले. अंधार पडता पडता प्रोजेक्टर लावून बघितला आणि नंदूशेट म्हणाले, "परशुराम, मुरबाडच्यापेक्षा भारी दिसतंय रे!" दिसणारच. मागचे बल्ब तेव्हा कुणी लावून बघितले नाहीत. मॅडम चौदा पोरींच्या वेण्या आणि पावडर यांत बुडालेल्या होत्या. मैदान भरलं. खेड्यापाड्यांतून माणसं आली, चादरी, पोरं, शेंगदाणे घेऊन. पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या शेजारी, हरीतात्या.

आमचा नाच आला. मॅडम पेटीवर बसल्या. आईकडून उतरवून घेतलेलं लावणीच्या वेळचं गाणं त्या आणि दोन मुली माइकवर म्हणणार होत्या. आम्ही चौदाजणी पडद्यामागं, नऊवारी खोचून, हातात गवताच्या पेंढ्या. चित्र सुरू झालं आणि मैदानातून असा आवाज उठला की माझ्या अंगावर काटा आला. "आरं आरं, ही तर आपली काशी!" "आमची वयनी बघा, इरलं बघा तिचं!" टाळ्या, शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "शूटिंग कुनाची रं?" आणि दुसऱ्यानं उत्तर दिलं, "परशुरामाची!" आठ महिन्यांनी गावानं माझ्या बापाचं नाव चांगल्या तोंडानं घेतलं. मी पडद्यामागं ओणवी होऊन पाय टाकत होते आणि मनात म्हणत होते, झालं, झालं, देवा, झालं.

परवा नातीच्या गॅदरिंगला गेले होते. पोरांच्या मागं भिंतभर उजेडाचा टीव्ही, त्यावर समुद्र काय, बर्फ काय. छान होतं. पण आमच्या त्या चित्रात ज्याच्या त्याच्या घरची बाई होती, म्हणून लोक तसे ओरडले, असं मला वाटतं. असो, म्हातारं माणूस आपलंच कौतुक सांगणार.

मागचे बल्ब लागले. ठरल्याप्रमाणं आता आम्ही दिसायला हव्या होत्या. आम्ही जीव तोडून नाचायला लागलो. एक कडवं झालं. बाहेर अजून चित्राचीच वाहवा. दुसरं कडवं सुरू झालं आणि मग एक आवाज आला, जाड, ओळखीचा. "पन पोरी कुठं हायेत?" तात्या. "पोरींचे पाय वाजतात, पोरी दिसत नाय! सुरेखा कुठं हाय माजी?" मागून दुसरे आईबापही ओरडायला लागले. आम्हाला आतून काहीच दिसत नव्हतं. नुसती उजेडाची पांढरी भिंत. शेजारी सुरेखा नाचता नाचता कुजबुजली, "मंजे, आपन दिसत नाय वाटतं."

पुढचं मला नंतर दहाजणांनी दहा तऱ्हांनी सांगितलं. बायकांच्या गर्दीत आई ताडकन उठली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "माज्या कर्मा! माजी पेज!" मंचाच्या कडेला पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं. तिनं बादली भरली आणि थांबली. मैदानाच्या मधोमध प्रोजेक्टरजवळ बाबा उभे होते, आणि सगळ्या गर्दीच्या डोक्यावरून ती ओरडली, "अवो! वल्ला करू काय पडदा?"

ते मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं. मॅडमची पेटीसुद्धा अडखळली. ओल्या कापडाचं काय होतं, ते बाबांना माहीत होतं. आई भिजवेल तिथं तिथं त्यांचं शेत विझणार, आठ महिन्यांतली पहिली टाळी विझणार. एकजण ओरडला, "ऱ्हाऊंदे गो, पिच्चर चांगला हाय!" दुसरा म्हणाला, "नाच काय, पुढच्या वर्षी बघू!" खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात क्षणभर आलं की नको म्हणा बाबा, राहू द्या, आम्ही नाही दिसलो तर नाही दिसलो.

"कर!" बाबांचा आवाज आला. "पुरा भिजव! बल्बाकडं नको जाऊस, खालून वर भिजव!"

सपकन पाणी बसलं. पांढऱ्या भिंतीवर काळपट डाग पडला, दुसरा पडला, आणि मग हात दिसले, पडद्यावर घसाघस चोळणारे. आईच्या मागून काशीकाकी उठली, आणखी दोघीतिघी उठल्या. ज्या बायका चित्रात ओणव्या होऊन भात लावत होत्या, त्याच पडद्याला पाणी मारून पेज चोळून काढत होत्या. माझ्यासमोरचा तुकडा हळूहळू स्वच्छ झाला आणि त्यातून आईचं तोंड उगवलं, घामानं आणि पेजेनं थबथबलेलं. तिनं माझ्याकडं डोळे वटारले. "नाच गो! बघत काय ऱ्हायलीस?"

नाचलो बाई आम्ही. असं नाचलो की परत आयुष्यात कधी नाही. मॅडमनी गाणं पहिल्यापासून धरलं. पडद्यावरून पेजेचं पाणी मंचावर उतरत होतं, लाकडं बुळबुळीत झाली होती, आणि ऐन रंगात सुरेखा घसरून बदकन बसली. बसल्या बसल्या तिनं पेंढी रोवली आणि उठली. लोकांना वाटलं, चिखलात घसरण्याचं मुद्दामच बसवलंय. त्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. "सुरे! उठ गो माजी वाघीन!" हा तात्यांचा आवाज. मी पडद्यातून मैदानाकडं बघितलं. चित्राचा नुसता हिरवट धुरळा उरला होता, आणि त्याच्या पलीकडं प्रोजेक्टरजवळ बाबा दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते.

नंतर बाबांनी मुकाट्यानं वायरी गुंडाळल्या. लोक आपापल्या पोरींना शोधून, कुशीत घेऊन घराकडं निघाले. शूटिंग कुणाची होती, हे कुणी विचारलं नाही. मॅडम मला धरून रडल्या आणि हसल्या. वाटेत आई एक शब्द बोलेना. आमची आई आणि गप्प! शेवटी बांधावर चढताना तीच म्हणाली, "माज्यामुळं तुमचं चित्र गेलं." बाबा थोडं चालले. "पेज चांगली होती," ते म्हणाले, "जरा जाड झाली एवढंच." मग दोघंही हसायला लागली. मी मागून चालत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की ते अंतर संपू नये असं वाटलं. तरी मनात टोचत होतंच: त्यांच्या नावाचं काय? ती टाळी तर पाण्यात गेली.

माघ लागला. एका सकाळी मी पडवीत तांदूळ निवडत होते, बाबा पेंढ्याची उडवी सारखी करत होते, आणि अंगणात हरीतात्या आले. हातात कुंकवाच्या तांदळांची वाटी. वैशाखापासून त्यांनी आमच्या अंगणात पाय ठेवला नव्हता. बाबा उडवीवरून खाली उतरले आणि हात धोतराला पुसत उभे राहिले. तात्यांनी उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या. "पोराची हळद रविवारी, लगीन सोमवारी," ते म्हणाले, बाबांकडं न बघता. बाबा एक पाऊल पुढं आले. "तात्या, मी शूटिंगला..." ते सुरू झाले.

"शूटिंगला कल्याणचा मानूस सांगितलाय," तात्या म्हणाले.

दारात आई उभी होती. तिचं तोंड उघडत होतं आणि काय बाहेर पडणार होतं, याची मला पुरती कल्पना होती. तेवढ्यात तात्यांनी मान वर केली. "सुरी दिसली रे परशुराम. पडली तेपन दिसली." मग म्हणाले, "तू शूटिंगला नको. तू जेवायला ये. आमचं चूलबंद आवतण हाय तुमाला."

आमच्याकडं आवतणाचे प्रकार असतात. नुसतं आवतण म्हणजे घरातला एकजण जाऊन येतो. चूलबंद म्हणजे लहानथोर सगळं घर, आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. असं आवतण सख्ख्या माणसांना देतात. बाबांना हसू फुटलं, मग ते इतके हसले की खाली पेंढ्यावर बसले. "कल्याणचा मानूस बरा सांगितलास," ते डोळे पुसत म्हणाले. "माज्यावर इश्वास नाय ना?" "कॅमेऱ्याबाबतीत नाय," तात्या म्हणाले आणि तेही त्यांच्या शेजारी पेंढ्यावर बसले.

सोमवारी आईनं खरंच चूल पेटवली नाही. सकाळचा चहासुद्धा आम्ही तात्यांच्या मांडवात प्यायलो.